फुगा फुटला, मनोरा राहिला

१ जुलै १८६५ हा मुंबईत वायद्यांची देणीघेणी मिटवण्याचा दिवस होता. ती मिटलीच नाहीत. त्याआधीची चार वर्षे शहर पैशात लोळत होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस बाजारात नेला, असे सांगितले जाते. आलेला पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न मुंबईने नव्या कंपन्या काढून सोडवला. बँका निघाल्या, जहाज कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव दहापटीच्या घरात गेला. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्यावर लोक श्रीमंत होत होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस उतरला, मग शेअर उतरले, आणि जुलै उजाडला तेव्हा कोणाकडूनच कोणाला पैसे मिळेनात. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांना विकण्याची वेळ आली. पुढे ती बँकच गेली.

या साऱ्या खेळाच्या मध्यभागी एक नाव होते, प्रेमचंद रायचंद. सुरतेकडून आलेला हा जैन दलाल तेजीच्या काळात मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा होता. बँक ऑफ बॉम्बेने पुरेशा तारणाविना वाटलेल्या कर्जांच्या चौकशीत त्यांचे नाव वारंवार आले. तेव्हा त्यांना साधुपुरुष ठरवण्याचे कारण नाही. पण ऑगस्ट १८६४ मध्ये, म्हणजे बाजार शिखराकडे निघालेला असताना, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. ऑक्टोबरमध्ये आणखी दोन लाख, मनोऱ्यासाठी. त्याला आईचे नाव द्यावे एवढीच इच्छा होती. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. तोवर फुगा फुटून तेरा वर्षे झाली होती. देणगी एक वर्ष लांबली असती, तर फोर्टमधल्या त्या जागी काय दिसले असते हे सांगता येत नाही.

मुंबईचा मनोरा सर्वांना ठाऊक आहे. त्याच प्रेमचंदांच्या दुसऱ्या देणगीचे काय झाले, हे मात्र महाराष्ट्रात फारसे कोणी सांगत नाही. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दोन लाख रुपये दिले. मुद्दल तसेच ठेवायचे आणि उत्पन्नातून हुशार पदवीधराला संशोधनासाठी वृत्ती द्यायची, अशी ती योजना. १८६६ पासूनची ही ‘प्रेमचंद रायचंद स्कॉलरशिप’ बंगालमध्ये इतकी मानाची झाली की नावापुढे ‘पी.आर.एस.’ लावण्याची प्रथा पडली. १९१९ मध्ये ती मेघनाद साहा यांना मिळाली.

साहा हे ढाका जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचे चिरंजीव. वृत्ती मिळाली तो निबंध ताऱ्यांच्या वर्णपटांच्या हार्वर्ड वर्गीकरणावर होता. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून फाकवला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, जणू त्याची सहीच. हार्वर्डच्या वेधशाळेत काम करणाऱ्या स्त्रियांनी अशा हजारो ताऱ्यांची प्रतवारी लावली होती. (तो खर्चही हेन्री ड्रेपर या हौशी खगोलज्ञाच्या धनिक विधवेने दिलेल्या निधीतून चालला होता.) काही ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक, काहींत फिक्या, काहींत कॅल्शियमचाच जोर. मग हे तारे निरनिराळ्या द्रव्यांचे बनले आहेत का?

साहा यांचे उत्तर होते, तसे मानायचे कारण नाही. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटले आहेत हे तापमान आणि दाब ठरवतात आणि इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रेषा वेगळ्या पडतात. दोन ताऱ्यांतले द्रव्य सारखेच असेल, पण एक जास्त तापलेला असेल, तर त्यांच्या सह्या वेगळ्या दिसतील. हे प्रमाण काढण्याचे समीकरण त्यांनी १९२० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मधून मांडले. पी.आर.एस.च्या पैशाचा आणि आणखी एका प्रवासवृत्तीचा आधार घेऊन ते त्याच सुमारास लंडन आणि बर्लिनच्या प्रयोगशाळांत जाऊन आले. पाच वर्षांनी हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन या तरुणीने तेच समीकरण वापरून ताऱ्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण काढले, तेव्हा तारे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमचे असल्याचे आकडे समोर आले. त्या काळच्या थोर मंडळींना ते पटले नाही. पटायला आणखी चार वर्षे गेली.

तारे कशाचे बनले आहेत, हा माणसाला पडलेल्या सर्वात मोठ्या प्रश्नांपैकी एक. त्याच्या उत्तराच्या वाटेत मुंबईच्या कापूस-सट्ट्यातला थोडा पैसा आहे. फुगा फुटल्यानंतर चौपन्न वर्षांनी तो कामी आला, कारण तो मुद्दल म्हणून बांधून ठेवला होता. बाजाराच्या चढउताराशी त्याचा संबंध तोडला होता. प्रेमचंदांनी दरवर्षी नफ्याचा अमुक टक्का देण्याचे वचन दिले असते, तर पहिला हप्ताही वेळेवर मिळाला असता की नाही, शंका आहे.

हा अनुभव एकट्या मुंबईचा नाही. जेम्स लिक हा पियानो बनवणारा कारागीर जानेवारी १८४८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उतरला आणि काही दिवसांतच कॅलिफोर्नियात सोने सापडले. सारे गाव सोन्यामागे डोंगरात धावले. लिक मागे राहून त्यांच्या रिकाम्या जमिनी विकत घेत राहिला. त्या जमिनींनी त्याला कॅलिफोर्नियातल्या मोठ्या धनिकांत नेऊन बसवले. मरण्यापूर्वी त्याने सात लाख डॉलर एका दुर्बिणीसाठी बाजूला काढले. १८८८ मध्ये ती पुरी झाली तेव्हा ३६ इंची भिंगाची ती दुर्बीण जगातल्या भिंगांच्या दुर्बिणींत सर्वात मोठी होती. गॅलिलिओने पाहिलेल्या चार चंद्रांनंतर गुरूचा पाचवा चंद्र १८९२ मध्ये तिच्यातूनच दिसला. लिक स्वतः त्याच दुर्बिणीच्या पायाखाली पुरलेला आहे. मोठेपणाचा सोस असावा तर असा.

शिकागोचा चार्ल्स यर्क्स याहून वरचढ. फिलाडेल्फियात असताना याने नगरपालिकेचा पैसा सट्ट्यात लावला, १८७१च्या शिकागो आगीनंतर बाजार कोसळला, पैसे परत करता आले नाहीत आणि तो तुरुंगात गेला. सुटल्यावर शिकागोत येऊन ट्रामचा सम्राट झाला, आणि बदनामीवर उतारा म्हणून ४० इंची दुर्बिणीचा खर्च उचलला. १८९७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात उघडलेल्या त्या यर्क्स वेधशाळेत १९३७ पासून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर काम करत होते. ताऱ्यांची रचना आणि त्यांच्यातून प्रकाश बाहेर पडण्याची रीत यांवरचे त्यांचे मोठे काम त्या वास्तूत झाले. यर्क्सच्या ट्रामचे रूळ कधीच उखडले गेले.

आणि १९२९. मार्चमध्ये एडविन हबल यांचा लेख प्रसिद्ध झाला. दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने दूर जाते, असे त्यात होते. विश्व प्रसरण पावते आहे हे त्यातून पुढे आले. ऑक्टोबरमध्ये वॉल स्ट्रीट कोसळले. हबल ज्या १०० इंची दुर्बिणीवर काम करत होते ती कार्नेगी यांच्या पोलादाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेची होती आणि तिचा आरसा हूकर नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याच्या देणगीतून आला होता. दोन्ही पैसे आधीच काच, लोखंड आणि कायम निधी झाले होते. तिच्याहून दुप्पट मोठ्या, २०० इंची दुर्बिणीसाठी रॉकफेलर निधीचे ६० लाख डॉलर १९२८ मध्येच मंजूर झाले होते. महामंदी आली, महायुद्ध आले, दुर्बीण १९४८ मध्ये पालोमार डोंगरावर उभी राहिली. मंजुरी एक वर्ष पुढे ढकलली गेली असती तर, हा प्रश्न इथेही विचारता येतो.

इथवर वाचून तेजीचा पैसा विज्ञानाला मानवतो असे कोणाला वाटले, तर तो फसवा निष्कर्ष ठरेल. जे टिकले तेच डोळ्यांपुढे राहते. जे वाहून गेले त्याचे मनोरे दिसत नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरांवर अब्जाधीश झालेल्या पॉल ॲलन यांनी परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संदेश टिपण्यासाठी उत्तर कॅलिफोर्नियात तबकड्यांचा संच उभारायला सुमारे तीन कोटी डॉलर दिले. योजना ३५० तबकड्यांची होती, उभ्या राहिल्या ४२. २००७ मध्ये काम सुरू झाले आणि एप्रिल २०११ मध्ये ते थांबवावे लागले, कारण वीज, देखभाल आणि पगार यांना पैसे उरले नव्हते. तबकड्या जागेवर होत्या, आकाश जागेवर होते. वर्गणी गोळा करून वर्षाअखेरीस ते कसेबसे पुन्हा सुरू झाले. पाटी लावण्यासारखी वास्तू उभारायला दाता मिळतो. त्या वास्तूत रात्रपाळी करणाऱ्या तंत्रज्ञाचा बाविसाव्या वर्षीचा पगार द्यायला मिळत नाही. आपल्याकडे देवळाचा कळस बसवायला जशी चढाओढ लागते, तशी रोजच्या तेलवातीला लागत नाही, त्यातलाच हा प्रकार.

एफटीएक्सची गोष्ट याहून कडू. कूटचलनाच्या या बाजाराच्या मालकाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्यूचर फंड’ काढला. पुढच्या महासाथी रोखणे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोके ओळखणे असे मोठे प्रश्न, आणि वर्षभरात किमान १० कोटी डॉलर वाटण्याचा इरादा. नोव्हेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. ग्राहकांच्या ठेवींना हात लागला होता, मालकाला पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांना अनुदान मंजूर होऊन पैसे मिळायचे होते ते अधांतरी राहिले आणि ज्यांना मिळाले होते त्यांना ते परत द्यावे लागतील की काय, ही भीती. एका संशोधकाने त्या भरवशावर प्रयोगशाळेत माणूस नेमला असेल, तर त्या माणसाने काय करायचे? सट्ट्यातला नफा आणि लुबाडलेली ठेव यांत फरक आहे. दुसरी देणगी होऊच शकत नाही, ते कोणाचे तरी देणे असते.

याच्या उलट कॅनडातल्या वॉटरलूचे उदाहरण पाहावे. ब्लॅकबेरी फोनचे जनक माइक लाझारिडिस यांनी १९९९ मध्ये, म्हणजे डॉटकॉमच्या तेजीत, स्वतःचे १० कोटी कॅनेडियन डॉलर घालून सैद्धांतिक भौतिकशास्त्राची ‘पेरिमीटर इन्स्टिट्यूट’ काढली. अवकाश आणि काळ कशाचे बनले आहेत, असल्या प्रश्नांचा तिथे पिच्छा पुरवला जातो. ब्लॅकबेरीचा शेअर २००८च्या शिखरावरून पाच वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. त्या फोनची टिकटिक आज संग्रहातच सापडेल. संस्था मात्र चालू आहे. कारणे दोन. पैसा कंपनीच्या नफ्यावर टांगलेला नव्हता, आणि कॅनडा सरकार व ओंटारिओ प्रांत यांनी आपला वाटा वर्षानुवर्षे घातला. खासगी बियाणे आणि सरकारी पाणी, अशी ती शेती आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची घडणही याच वळणाची. होमी भाभांनी १९४४ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले, १९४५ मध्ये संस्था सुरू झाली आणि पुढचा भार अणुऊर्जा खात्याने उचलला. त्याच संस्थेने नारायणगावजवळ खोडदला उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आज जगभरचे खगोलज्ञ वापरतात.

सरकारी पैसा म्हणजे भरवशाची म्हैस, असेही नाही. टेक्सासमधल्या वॉक्साहॅची गावाजवळ ८७ किलोमीटर घेराचे कणत्वरक यंत्र जमिनीखाली उभे राहायचे होते. खर्चाचा अंदाज ४.४ अब्ज डॉलरवरून ११ अब्जांच्या पुढे गेला. दरवर्षी नवे मतदान, दरवर्षी नवा वाद. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रकल्प रद्द केला तेव्हा दोन अब्ज खर्च झाले होते आणि २३ किलोमीटर बोगदा खणून तयार होता. त्या काळात बेकार झालेल्या काही तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी वॉल स्ट्रीटची वाट धरली. विश्वाचे नियम शोधण्यासाठी शिकलेले गणित कर्जरोख्यांच्या किमती ठरवण्याच्या कामी लागले. समाजाने एका जागी वाचवलेला पैसा दुसऱ्या जागी कोणत्या रूपाने उगवतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

ज्या हिग्ज कणासाठी टेक्सासचा बोगदा खणला जात होता तो २०१२ मध्ये जिनिव्हाजवळ ‘सर्न’ येथे सापडला. तिथले शास्त्रज्ञ अधिक हुशार होते असे नव्हे. ‘सर्न’चा खर्च सदस्य देश आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात, आंतरराष्ट्रीय करारानुसार देतात. करार मोडणे हे अंदाजपत्रकातली एक ओळ खोडण्यापेक्षा जड जाते. भारत २०१७ पासून तिथला सहयोगी सदस्य आहे.

पैसा कोणाचा, यापेक्षा तो किती वर्षांसाठी बांधला आहे, हा प्रश्न म्हणूनच मोठा. विश्वाबद्दलचे प्रश्न तिमाही निकाल देत नाहीत. गुरुत्वलहरी टिपण्याच्या ‘लायगो’चा आराखडा रायनर वाइस यांनी १९७२ मध्ये लिहिला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने उभारणीला मान्यता दिली १९९० मध्ये. २००२ ते २०१० अशी आठ वर्षे यंत्र चालले आणि हाती काहीच लागले नाही. कोणत्याही कंपनीत या टप्प्यावर टाळे लागले असते. इथे उलट यंत्राची संवेदनशीलता वाढवायला आणखी पैसे दिले गेले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, सव्वाशे कोटी वर्षांहून आधी आदळलेल्या दोन कृष्णविवरांची लहर पृथ्वीवरून गेली आणि चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांमध्ये प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाहून लहान हालचाल नोंदली गेली. आराखड्यापासून ४३ वर्षे. आजवरची कोणतीही तेजी इतकी टिकलेली नाही.

त्या ४३ वर्षांत पुण्याचाही वाटा आहे. गोंगाटात बुडालेल्या नोंदींतून अशी लहर गणिताने कशी वेगळी काढायची, यावर ‘आयुका’त संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१च्या सुमारास पायाभूत काम केले. तेव्हा पकडायला लहर नव्हती आणि पकडणारे यंत्रही नव्हते. पुढची चोवीस वर्षे ते काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संस्थेच्या साध्या पगारावर चालले.

आता भारताने मोठा डाव मांडला आहे. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज आहे. त्यातले १४ हजार कोटी सरकारचे, ३६ हजार कोटी उद्योग, दाते आणि इतर स्रोतांकडून अपेक्षित. १ जुलै २०२५ रोजी (तारीख योगायोगाने मुंबईच्या ओळखीची) मंत्रिमंडळाने आणखी एक लाख कोटींची संशोधन-नवोपक्रम योजना मंजूर केली. पण तिचा भर खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज देण्यावर आहे आणि तेही प्राथमिक टप्पे ओलांडून बाजाराकडे निघालेल्या तंत्रज्ञानासाठी. कृष्णद्रव्य म्हणजे काय असे विचारणाऱ्याला तिथे जागा नाही, आणि कर्ज घेऊन तो फेडणार तरी कशातून? त्याच्यासाठी उरते ते प्रतिष्ठान, म्हणजे बऱ्याच अंशी ते अपेक्षित ३६ हजार कोटी.

देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा साधारण एक तृतीयांश. ज्या उद्योगांनी स्वतःच्या मालाच्या सुधारणेवरही हात राखून खर्च केला, ते तारकांच्या जन्मकथेसाठी तिजोरी उघडतील, ही अपेक्षा धाडसी आहे. उघडली तरी ती तेजीतच उघडतील. सध्या जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेअरांची तेजी आहे. हा फुगा आहे की नवे युग, हे फुटण्याआधी कोणालाच ठरवता येत नाही. १८६४ मध्ये प्रेमचंदांनाही आले नव्हते. पण प्रतिष्ठानाला ते ठरवण्याची गरजही नाही. तेजी खरी असो वा खोटी, आज मिळणारा रुपया मुद्दल म्हणून घ्यावा, एवढी अट पुरे.

म्हणजे प्रत्यक्षात काय? पाच वर्षांच्या सामंजस्य करारांचे फोटो काढून घेण्याऐवजी एकरकमी निधी मागावा. तो रोख्यांत गुंतवून उत्पन्नच खर्चावे. इमारतीसाठी देणगी देणाऱ्याकडून तिच्या चालवणुकीसाठीही तितकीच रक्कम सुरुवातीला घ्यावी, नाहीतर पाटी लावू नये. विषय कोणता निवडायचा यात दात्याला मत नसावे. प्रेमचंदांनी कलकत्त्याला ताऱ्यांसाठी पैसे दिले नव्हते. त्यांना वर्णपट हा शब्दही माहीत असण्याचे कारण नव्हते. विद्यापीठाने पारखलेल्या माणसाला ते मिळाले, इतकेच. आणि सरकारने खासगी देणगीचा आकडा दाखवून आपले १४ हजार कोटी आखडते घेऊ नयेत. उद्या बाजार पडला, दाते फिरकले नाहीत, तर ती तूट कोण भरणार हे आजच लिहून ठेवलेले बरे.

आरोग्याच्या पानावर तारे कशाला, असे वाचणाऱ्याच्या मनात येईल. जिल्हा रुग्णालयात खाटा कमी असताना गुरुत्वलहरींवर पैसे का घालायचे, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतावरून खग्रास सूर्यग्रहण गेले. गुंटूरला फ्रान्सहून आलेल्या जान्सेन यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडात नॉर्मन लॉकयर यांनीही तो ग्रहणाशिवाय टिपला. त्यातली एक पिवळी रेष पृथ्वीवरच्या कोणत्याच द्रव्याशी जुळेना. (लॉकयर यांनी हे विजयदुर्ग किल्ल्यावरून पाहिले असे कोकणात अभिमानाने सांगतात, ते इंग्लंडातच होते.) ते द्रव्य म्हणजे हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागले सत्तावीस वर्षांनी. आज एमआरआय यंत्रातले चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियमच लागतो, आणि मेंदूतली गाठ शोधणाऱ्या डॉक्टरला सूर्यग्रहणाची आठवणही नसते. मात्र प्रत्येक ताऱ्यामागे एक एमआरआय निघेल, असे वचन शास्त्रज्ञांनी देऊ नये. बहुतेक ताऱ्यांमागून काहीही निघत नाही. रुग्णालयाचा पैसा आणि दुर्बिणीचा पैसा एकमेकांच्या ताटातला असतो, हे मात्र खरे नाही. टेक्सासचा बोगदा बुजवून तिथे दवाखाने निघाले नाहीत.

महाराष्ट्रात या सगळ्याची कसोटी हिंगोली जिल्ह्यात लागणार आहे. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभी राहायची आहे. पहिली लहर सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि त्याच महिन्यात केंद्राने प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. २६०० कोटींची अंतिम मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडला. तत्त्व आणि पैसा यांच्यामध्ये सात वर्षे गेली. दरम्यान २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने आपल्या दोनपैकी एक ‘लायगो’ केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकात मांडला. तो प्रस्ताव होता, निर्णय नव्हे, पण आकाशात लहर कुठून आली हे सांगायला एकमेकांपासून दूर असलेली अनेक केंद्रे लागतात, आणि त्यामुळे औंढ्याचे मोल वाढले आहे.

२६०० कोटी हे उभारणीसाठी आहेत. नळ्यांतली निर्वात पोकळी वर्षाचे ३६५ दिवस राखावी लागते, लेसर बदलावे लागतात, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सारे थंड ठेवावे लागते. पुण्यामुंबईतल्या नोकऱ्या सोडून तिथे वीस-वीस वर्षे राहणारे अभियंते लागतात. त्यांच्या मुलांसाठी शाळा लागते. पहिली आठ वर्षे काहीच सापडले नाही तरी हे सगळे चालू राहायला हवे. त्या खर्चाचा स्वतंत्र, न आटणारा निधी यंत्र सुरू होण्याआधी बाजूला काढला जातो की दर फेब्रुवारीत औंढ्याने दिल्लीच्या तोंडाकडे पाहायचे, हे आत्ताच, बाजार वर असताना ठरायला हवे.